ताईबाईंचं खोगीर

शिंदखेड्याच्या प्रेमराजचे धंदे दोन. पुढच्या अंगाला जुन्या वस्तूंचं दुकान आणि मागच्या अंगाला घोड्यांचा तबेला. "पुढे गेलेल्यांच्या वस्तू, मागे जितीजागती जनावरं आणि मधे मी चहा पितो," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. माणूस सुखी होता. दुकानातली वस्तू तबेल्यात न्यायची नाही, हा वडिलांचा दंडक मात्र तो निमूट पाळायचा.

त्या हिवाळ्यात त्याची लाडकी काळी घोडी शेवंती गाभण होती. आधीची दोन्ही शिंगरं मेलेलीच निघाली होती. या वेळी बिघडलं तर घोडीही हातची जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. प्रेमराज वरवर हसायचा, पण येताजाता तिच्या पोटाला कान लावायचा.

अशात साक्रीकडच्या ताईबाई नावाच्या म्हातारीकडून त्याने एक खोगीर घेतलं. तिचा नवरा पांझरेच्या पुरात घोड्यासकट वाहून गेला होता. दोघांचाही पत्ता लागला नाही. खोगीर तेवढं काठाला लागलं, आणि त्याचा पोटाखालून बांधायचा पट्टा तसाच आवळलेला होता.

"भाऊ, दुकानमा ठेव, इक," म्हातारी म्हणाली. "पन दुसरा घोडानी पाठवर टाकजो नको..."

"नही टाकस, अक्का."

पण जळगावच्या गिऱ्हाइकाला खोगीर घोड्यावर घातलेला फोटो हवा होता. शेवंती अंगणातच उभी होती. प्रेमराजने खोगीर तिच्या पाठीवर ठेवलं, फोटो काढला आणि लगेच उतरवलं.

"पोटुशी घोडीवर? काही कळतं का तुम्हाला!" बायको रत्ना करवादली.

"अगं, पट्टा कुठे बांधला? एवढंसं टेकवलं फक्त."

दिवस कलला तशी शेवंतीने वैरण सोडली. पाय फाकवून, पाठ खाली देऊन ती उभी राहिली. पाठीवर कुणी बसल्यावर घोडं उभं राहतं, तशी. तबेल्यात नदीच्या गाळाचा वास भरला. मधूनच चामडं करकरायचं... खोगीर तर पुढे दुकानात होतं. प्रेमराज घाबरला, साफ घाबरला. सकाळी पहिल्या एसटीने खोगीर परत करायचं, असं त्याने ठरवलं.

सकाळी घोडीला कळा लागल्या. शिंगरू अडलं. डॉक्टर अजून रस्त्यातच होते. शेवंतीचे डोळे फिरायला लागले. तेवढ्यात त्याच्या पाठीमागे कुणीतरी जिभेने हळूच चुचकारलं. बुजलेल्या घोड्याला स्वार चुचकारतो ना, तसं.

"रत्ना... तू?"

रत्ना तर स्वयंपाकघरात पाणी तापवत होती. घोडीने लांब श्वास सोडला आणि शिंगरू अलगद बाहेर आलं. जिवंत! प्रेमराज रडला, हसला, गोणपाटाने त्याला पुसू लागला. काळंभोर पिल्लू होतं. पाठीवर डाव्या बाजूला मात्र दोन बोटं रुंद पांढरा डाग होता. खोगीर घासून जखम झाली की तिथे असे पांढरे केस येतात, हे त्याला ठाऊक होतं. पण त्यासाठी घोड्याला काही वर्षं स्वारीखाली जावं लागतं.

त्याने ताईबाईला फोन लावला.

"अक्का, शिंगरू झालं. मी चुकलो, ते खोगीर..."

"काळं शे?"

"हो."

"डावा आंगले पांढरा डाग शे ना?"

प्रेमराजने वळून तो डाग पुन्हा पाहिला.

"मन्हा धल्लाना घोडा उना रे भाऊ!" नवऱ्याचा घोडा परत आला म्हणून म्हातारी आनंदाने हुंदके देत होती. "त्यान्हावर कोनले बसू देजो नको. घोडा उना, आते बसनारा बी यी..."

फोन ठेवून प्रेमराज शिंगराकडे बघत राहिला. ते आईला लुचत होतं. काही झालं तरी हे जिवंत आहे, आपलं आहे, असं त्याने मनाला समजावलं. त्याला बरं वाटलं.

"अहो," रत्ना पुढच्या दारातून बोलावत होती. "एक म्हातारबाबा आलेत. बाहेर एवढं ऊन, आणि हे नखशिखांत भिजलेत. दुकानातलं खोगीर काढून खांद्यावरच घेतलंय त्यांनी..."

"देऊन टाक," प्रेमराज कसाबसा म्हणाला. "पैसे नकोत म्हणावं."

"ते जात नाहीत. घोडा कुठंय, विचारतात."

शिंगराने आचळ सोडलं, कान टवकारले आणि थरथरत्या पायांनी ते दुकानाच्या दाराकडे चालू लागलं.