चकाचकच्या पोटातले पाहुणे

"हवा साफ करण्यात माझा हात धरणारं या किनाऱ्यावर कोणी नाही!" छातीवरचा हिरवा दिवा लावून चकाचकने जाहीर केलं आणि कारखानाभर मोगऱ्याचं अत्तर फवारलं.

थोड्याच वेळात मोगरा आणि सडकी मासळी यांचं असं काही जमलं, की दारातल्या ट्रकचा ड्रायव्हर गाडी चालू ठेवून पळाला.

साल होतं २०५८. चकाचक हा सफाई-रोबो. कारखाना पूर्वाच्या आईचा. तिथे मासळीची पावडर व्हायची, कोंबड्यांच्या खाद्यासाठी. गावाने बजावलं होतं, महिनाअखेरच्या ग्रामसभेपर्यंत वास गेला नाही तर कारखान्याला कुलूप.

शेवटी पूर्वाचे आजोबा धावून आले. ते सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ (डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा अभ्यास करणारे). त्यांनी कपाटाएवढी पेटी आणली. आत नारळाचा ओला काथ्या आणि शिंपल्यांचे तुकडे. घाण हवा खालून आत सोडली. दोन आठवड्यांनी वरून निघणाऱ्या हवेला वासच येईना!

"आजोबा, आत अत्तर नाही, औषध नाही. मग वास जातो कुठे?" पूर्वाने विचारलं.

"खाल्ला जातो! ही जैवगाळणी (जिवंत जिवाणूंकडून हवा गाळून घेणारी पेटी). आत कोट्यवधी जिवाणू जेवायला बसलेत."

आजोबा रोज सकाळी पेटीवर हलकेच पाणी शिंपडायचे. "जेवलात का रे बाळांनो?"

चकाचकचा हिरवा दिवा पिवळा व्हायचा. "मला कधी विचारलंत, जेवलास का म्हणून?"

"अरे, तुला जेवण लागतं का?"

"प्रश्न तो नाहीये!"

एका दुपारी आजोबा वामकुक्षी घेत होते. चकाचकने पेटी उघडली. काथ्यावर बुळबुळीत थर! "हेच का ते लाडोबा? आंघोळ तरी घालायची यांना!" त्याने ब्रशने सगळा थर खरवडून पोटातल्या कचरापिशवीत भरला आणि पेटीत बादलीभर फिनेल ओतलं. काथ्या असा लखलखला, की चकाचकने स्वतःचीच पाठ थोपटली.

संध्याकाळी गावभर वास सुटला. सगळी कुत्री खूश होऊन कारखान्याच्या दारात जमली.

"पेटी इतकी स्वच्छ, आणि वास दुप्पट?" पूर्वा चक्रावली.

आजोबा मटकन खाली बसले. "तो बुळबुळीत थर म्हणजेच तर आपले कामगार! जैवपटल म्हणतात त्याला (एकमेकांना धरून राहणाऱ्या जिवाणूंची चिकट वसाहत). तिथे एकट्याचं काम नसतं. एक टोळी अमोनिया (डोळ्यांना झोंबणारा वायू) खाते. तिचं उरलंसुरलं साठलं तर तिलाच बाधतं. ते दुसरी टोळी संपवते. तिसरी खाते हायड्रोजन सल्फाइड (सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू). त्यातून आम्ल तयार होतं, ते शिंपले शमवतात."

"म्हणजे कोणीच एकटा शहाणा नाही?" चकाचकने हळूच विचारलं. दिवा लालभडक.

"नाही! पण आता सगळेच गेले. सभा आठवड्यावर आलीय. नवी वसाहत शून्यातून उभी करायला वेळ कुठे आहे?"

पूर्वाने चकाचककडे पाहिलं. "ए, आधी खरवडलंस की आधी फिनेल ओतलंस?"

"आधी खरवडलं. पद्धत म्हणजे पद्धत."

"आजोबा! पिशवीतल्यांना फिनेल लागलंच नाहीये!"

आजोबा टुणकन उठले. पेटी धुऊन त्यांनी विरजण लावावं तसा थोडा थर नव्या काथ्यात कालवला. बाकीचा चकाचकच्या पोटातच ठेवला, पेटी पुन्हा बिघडलीच तर कामी यावा म्हणून. मोटारीमुळे तिथे ऊब होती. सोबत ओला काथ्या कोंबला. "यांना अधूनमधून घाण हवा भरवायची. उपाशी ठेवलंस तर याद राख!"

आता चकाचक हवा ओढणारी सोंड लांबवून गटारं हुंगत फिरू लागला. कोणी जवळून धावलं की ओरडायचा, "हळू! आत झोपलेत!" अत्तराची बाटली त्याने स्वतःच फेकून दिली. "बाळांना सोसत नाही."

"तू तर म्हणत होतास, आंघोळ घालायची यांना?" पूर्वाने डिवचलं.

"तुझी आहेत का? मग बोलू नकोस!"

सभेच्या दिवशी सगळ्या गावाने नाकं वर करून हवा हुंगली. मासळीचा मागमूस नव्हता. सरपंच भास्करराव उभे राहिले. "कारखाना चालू राहील. आणि अशी पेटी आपण शाळेच्या संडासालाही बसवू!" टाळ्या झाल्या. पूर्वाच्या आईने डोळे पुसले. चकाचक शेजारीच उभा होता. इतक्या स्वच्छ हवेत आपली बाळं उपाशी राहतील या काळजीने त्याने सोंडेचा जोर शेवटच्या आकड्यावर नेला.

सरपंचांचा केसांचा टोप आत गेला. तो नंतर पोटातून काढला, तेव्हा त्यावर थर काथ्यापेक्षा चांगला धरला होता.