टोलेडोतले दोन ग्लास

समोरच्या दाराचं लॅच तोडलं तरी दार चार बोटांपलीकडे उघडेना. आत काहीतरी अडत होतं. शेवटी लोटन हवालदाराने मागचं दार फोडलं, तेव्हा कळलं, अडत होते ते झुलाल आबा.

बारा मे, रविवार. जळगावात पारा पंचेचाळीसवर. आबा दाराशी पालथे पडले होते, एक हात उंबऱ्याकडे. आतल्या खाटेपासून इथपर्यंत एक पांढरी चादर फरफटत आली होती.

सहायक निरीक्षक संघमित्रा तायडे यांनी नाकाला रुमाल लावला आणि घर पाहायला सुरुवात केली. पेपरवाला रोज सकाळी सहाला दाराखालून पेपर सरकवायचा. आठ ते बारा मे, पाच पेपर होते. आठ, नऊ आणि दहाचे आबांच्या अंगाखाली, घडीसुद्धा न मोडलेले. अकरा आणि बाराचे त्यांच्या हाताला टेकून थांबलेले. खाटेवरच्या उशीला तुळशीचं एक सुकलेलं पान चिकटलं होतं. स्वयंपाकघरात उंच ओट्यावर माठ, गळ्यापर्यंत भरलेला.

बाहेर पायरीवर रूपा बसली होती. आबांची एकुलती लेक, पिंपळनेरला दिलेली. आबांचा शोध घ्यायला पहिल्या बसने आली आणि दार उघडेना म्हणून तिनेच पोलिसांना बोलावलं.

"आबा घरात एकटे आहेत हे माहीत होतं?"

"नही ना मॅडम. मी नऊले येणार व्हतू, आखाजीले. आठले सकायमा भाऊना फोन उना. म्हणे, आबा पारोळाले काकाकडे गया, तू येऊ नको."

"किती वाजता?"

"सात वाजता. गाडीमाईन बोली राहिना व्हता."

"मग आज का आलात?"

"दोन दिन फोन लावा, आबानी उचलाच नही. काल काकाले इचारं. काका म्हणे, मनाकडे कोनीच उनं नही."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, यंदा दहा मेला, लेकीने माहेरी यायचं, झोका खेळायचा, ही खानदेशची रीत. भावाने ती एका फोनवर मोडली होती. भाऊ म्हणजे प्रेमराज, ठिबकच्या साहित्याचा दुकानदार. तो आणि बायको दिपमाला आठ तारखेच्या पहाटे घरून निघाले, रात्री मुंबईहून उडाले. स्पेनमध्ये भाड्याची गाडी आणि पंधरा दिवस जुनी गावं. घरच्या ग्रुपवर फोटोंचा नुसता पूर आला होता, तो रूपाने दाखवला. टोलेडोची दगडी वेस, खाली वळसा घेणारी नदी, चिंचोळ्या गल्ल्या. प्रत्येक फोटोखाली दिपमालाची टिप्पणी. 'बघा, पारोळ्याच्या किल्ल्यामागची गल्लीच जणू!'

एकाच फोटोखाली काही लिहिलेलं नव्हतं. दहा मे, दुपारी एक. तिथली सकाळ. खिडकीच्या कट्ट्यावर काठोकाठ पाणी भरलेले दोन ग्लास, प्रत्येकाच्या तोंडावर डांगराची, म्हणजे खरबुजाची, एकेक फोड. खाली कुण्या मावशीने लिहिलं होतं, 'मजा शे बुवा तुमनी!'

संघमित्रांनी तो फोटो स्वतःच्या फोनवर घेतला.

डॉक्टरांचा अहवाल मोघम होता. मेंदूत रक्तस्राव, एक बाजू लुळी, वाचा गेलेली असणार. शरीरातलं पाणी आटलेलं. मृत्यू एक ते चार दिवसांपूर्वीचा, या उन्हात नेमकं सांगणं कठीण.

चौदा तारखेला दोघं परत आली. अंत्यविधी झाला. आखाजीला गावी गेलेली कॉलनीही एव्हाना परतली होती, आणि सगळ्यांनी मिळून सुनेला दोषी ठरवून टाकलं. लोकांना सून सोयीची पडते. लेकाकडे बोट दाखवायला जीभ जड होते.

"सूनलेच हौस व्हती मॅडम," लोटननेही आपलं मत दिलं.

पंधराला संघमित्रा पुन्हा त्या घरात बसल्या. समोर प्रेमराज आणि दिपमाला, भिंतीला टेकून रूपा.

"निघालात तेव्हा आबा कसे होते?"

"ठणठणीत," प्रेमराज म्हणाला. "पहाटे चारला दारात उभं राहून हात केला. सातच्या बसने पारोळ्याला जाणार होते."

"कधी ठरलं?"

"आदल्या रात्री."

"मग रूपाताईंना आदल्या रात्रीच का नाही कळवलं?"

"घाईत राहून गेलं."

"उशीवर तुळशीचं पान होतं."

"खोकल्यासाठी खायचे ते."

उत्तरं तयार होती. परीक्षेला बसल्यासारखा देत होता. संघमित्रांनी फोन त्याच्यापुढे धरला.

"हे काय?"

"पाणी. दोघांसाठी."

"प्रेमराजभाऊ, आमच्या घरी आखाजीला घागर भरत नाहीत. पण मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढले. शेजारच्या भिकुबाई भरायच्या, वर डांगर ठेवायच्या. गेलेल्या माणसाला उन्हाळ्यात पाणी पोचावं म्हणून. रूपाताई, तुमच्या घरी घागरी किती भरतात?"

"एकच. मरेल मायनी. आजा-आजीनी पारोळाले काका भरस."

"आबांची?"

"आबा तर जित्ता व्हता! त्यानी कसाले भरूत?"



"बरोबर," संघमित्रा म्हणाल्या. "दहा तारखेला आबा गेल्याचं जगात कुणालाच माहीत नव्हतं. तरी टोलेडोत दुसरी घागर भरली गेली."

प्रेमराजने बायकोकडे पाहिलं. "हिनेच... हिलाच जायचं होतं."

दिपमालाने पहिल्यांदा मान वर केली. "तीनला मी चहा घेऊन गेले. आबा हलेनात. यांनी हात लावला, म्हणाले, गेले. मी म्हटलं, पुढच्या गल्लीत डॉक्टर आहेत, बोलवा. हे म्हणाले, डॉक्टर आले की दाखला, दाखला आला की तेरा दिवस घरात. व्हिसा दोनदा नाकारलाय. आबा आता कुठे जाणारेत? आल्यावर सगळं करू."

"आणि तुम्ही?"

"चार वर्षं मी त्यांचं सगळं केलं. एक दिवस कुठे गेले नाही. मी पान ठेवलं, चादर ओढली आणि गाडीत बसले. पाणी यांनी भरलं, हात जोडून. फोटो मी टाकला. कुणीतरी विचारेल, असं वाटत होतं. सगळ्यांनी लाइकचे अंगठे पाठवले."

"गेलेल्या माणसाला उशीर कसला, मॅडम?" प्रेमराज पुटपुटला.

"ते गेले नव्हते."

संघमित्रांनी दाराजवळच्या फरशीकडे बोट दाखवलं.

"आडव्या माणसाखाली पेपर सरकत नाही. अकराचा आबांच्या हाताला अडून थांबला. दहाचा मात्र अंगाखाली होता. म्हणजे दहाला सकाळी पेपर आला, त्यानंतर आबा त्याच्यावरून सरकत दारापर्यंत आले. एका अंगाने. आखाजीला तुमचे वडील या घरात जिवंत होते. आठला तुम्ही डॉक्टर बोलावला असता, तर दाखला मिळालाच नसता. कारण दाखला द्यायला मेलेला माणूस नव्हता."

प्रेमराजने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"माठ मी भरून ठेवला होता," दिपमाला म्हणाली. "सवयीनं." मग तिची नजर उंच ओट्याकडे गेली.

लोटन दाराशी उभा राहिला. दोघं उठली. भाऊ समोरून जाताना रूपाने त्याच्या बाहीला धरलं.

"मी नऊले येणारच व्हतू ना, भाऊ," ती म्हणाली. "पिशवी भरी ठेयेल व्हती."