मिस आस्क्यूंची उरलेली वर्षं

बसा. तिथं नको, इकडे या खुर्चीत बसा. दिवा आत्ताच लावून ठेवते. आमच्या बेक्सहिलला नोव्हेंबरात चार वाजले की समुद्र कुठं संपतो आणि आभाळ कुठं सुरू होतं तेच कळत नाही. विचारलंत म्हणून सांगते, एरवी मी हा विषय काढत नाही.

त्या दिवशी वकिलाकडे गेले ते अगदी साध्या कामाला. हा वरच्या मजल्यावरचा फ्लॅट आमचा म्हणायचा, पण आम्ही विकत घेतली ती फक्त वर्षं. जमीन आणि भिंती मूळ मालकाच्या. नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यातली बत्तीस उरली होती. मला म्हातारीला बत्तीस पुष्कळ झाली. पण माझा ट्रेव्हर एक्केचाळीसचा, आणि जन्मापासून आंधळा. या घराचा कोपरा न् कोपरा त्याच्या बोटांना पाठ आहे. त्र्याहत्तराव्या वर्षी त्याच्या हातात काठी देऊन कुणी त्याला रस्त्यावर काढायचं, ही कल्पनाच मला सोसवेना. पट्टा वाढवून घ्यायचा, मग आभाळ कोसळलं तरी बेहत्तर, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

वकील प्रॉसर तरुण माणूस, सगळं हसत सांगण्याची सवय.

"सोपं आहे, मिसेस टकवेल. जुना पट्टा आपण मालकाला परत द्यायचा. त्याच क्षणी तो नवा देतो, उरलेली बत्तीस आणि वर नव्वद."

"परत द्यायचा? नुसता वाढवून नाही मिळत?"

"कायद्यात जुना मरतो आणि नवा जन्मतो. तुम्हाला सोफ्यावरून उठायचीसुद्धा गरज नाही."

तो हसला. मला हसू आलं नाही, कारण माझ्या डोळ्यांसमोर मिस आस्क्यू आल्या.

या फ्लॅटमध्ये सगळ्यात आधी राहिल्या त्या मिस आस्क्यू. एकट्याच होत्या. मागच्या खोलीत वारल्या आणि त्यांच्या पुतण्यानं फ्लॅट आम्हाला विकला. पण बाईंनी पुरी नव्याण्णव वर्षं घेतली होती आणि जगून झाली होती जेमतेम पंचवीस-तीस. उरलेली सोडायला त्या तयार नव्हत्या. मागच्या खोलीत कार्बोलिक साबणाचा वास यायचा, दुपारी खुर्ची सरकायची. माझा नवरा म्हणायचा, उंदीर असतील. मी म्हणायचे, असतील, पण फार स्वच्छ उंदीर आहेत. मी बाईंना कधी हटकलं नाही. त्यांचा उपद्रव नव्हता, आणि ट्रेव्हरला लहानपणापासून त्यांची सोबत वाटायची.

वकिलाकडून घरी आले तर ट्रेव्हर पॅसेजमध्ये भिंतीला तळवा टेकून उभा.

"आई, तू काय करून आलीस?"

"का रे?"

"बाई आज बसत नाहीयेत... नुसत्या येरझारा घालतायत."

पुढे मालकानं मोजणीला गिलख्रिस्ट नावाचा सर्व्हेअर पाठवला. मी स्वयंपाकघरात किटली ठेवली होती. तो मागच्या खोलीतून बाहेर आला तो नुसत्या मोज्यांवर, बूट हातात धरून.

"आत त्या आजी बसल्यात ना," तो खालच्या आवाजात म्हणाला, "त्यांनी बूट काढायला लावले. सासूबाई का तुमच्या?"

मी किटलीखालची आच बंद केली. "आणखी काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, मापं कसली घेतोस... मी कुठंही जाणार नाहीये."

माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यालाही काही कळलं असावं. चहा न घेताच, बूट जिन्यात घालून तो गेला.

त्यानंतर घरात स्वस्थता राहिली नाही. साबणाचा वास मागच्या खोलीतून पॅसेजमध्ये आला, पॅसेजमधून स्वयंपाकघरात, शेवटी पावालासुद्धा त्याची चव लागू लागली. मी कुठल्याही खोलीत गेले की माझ्यामागे दाराची मूठ हळूहळू फिरायची, आणि थांबायची.

"आई, राहू दे ना तो पट्टा," ट्रेव्हर एकदा जेवताना म्हणाला. "त्या कुठं जातील?"

"आणि तू कुठं जाशील?"

त्यानं काटा खाली ठेवला. मी माघार घेणाऱ्यातली नाही.

व्यवहार पुरा व्हायचा दिवस ठरला. दोन्हीकडचे वकील दुपारी फोनवर बोलणार, प्रॉसर शेवटचं मला विचारणार, की झालं. मी फोन घेतला आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. म्हटलं, बाईंना घालवायचंच आहे तर तोंडावर सांगून घालवावं. चोरासारखं नको.

खिडकीबाहेर उजेड विझत होता. समुद्राचा आवाज नेहमीचाच, पण खोलीतली हवा गोठल्यासारखी झाली होती. समोरची खुर्ची करकरली. साबणाच्या वासानं घसा चरचरायला लागला.

"मिस आस्क्यू," मी म्हटलं, "आज तुमचा पट्टा मी परत देतेय."

मग अगदी जवळून, कापडातून आल्यासारखा आवाज आला.

"माझी वर्षं आहेत... अजून..."

"आहेत. कबूल. पण मला मुलासाठी हवीत."

"मी... कुठं जाऊ...?"

खोटं सांगता आलं असतं. सांगावंसंही वाटलं. एकट्या बाईला घराबाहेर काढायचं, मग ती जिवंत असो नसो, सोपं नसतं. मी म्हटलं, "ते मला माहीत नाही, बाई."

माझ्या मनगटावर थंड बोटं आली. मांडीवरचा फोन वाजला. मी दुसऱ्या हातानं तो कानाला लावला.

"मिसेस टकवेल, समोरचे तयार आहेत. करू पुढे?"

बोटं आवळली. हाड दुखायला लागलं, डोळ्यांत पाणी आलं. मला ट्रेव्हर दिसला, म्हातारा झालेला, अनोळखी भिंत चाचपणारा.

"करा," मी म्हटलं.

बोटं सुटली. एकदम नाही, एकेक करून.

"झालं. अभिनंदन," प्रॉसर म्हणाला. वास नाहीसा झाला होता. जिंकले होते, आणि मला हुंदका आवरेना.

ट्रेव्हर दारात येऊन उभा राहिला. "गेल्या त्या," तो म्हणाला. मग त्यानं मान किंचित कलती केली. पावलांवरून माणूस ओळखताना तो असंच करतो.

"आई, तू अशी का चालतेस?"

"मी बसलेय रे. फोनवर आहे."

"मग खिडकीपाशी कोण चालतंय? पाऊल तुझंच आहे..." तो थांबला. "फक्त डावा पाय ओढतेयस."

खिडकीपाशी कुणी नव्हतं. आणि माझे दोन्ही पाय तेव्हा ठणठणीत होते. गुडघा धरला तो गेल्या मार्चात. मघाशी तुम्हाला दार उघडायला मला वेळ लागला, तो या डाव्या पायामुळे.

भीती वाटते का? वाटते. कुणालाही वाटेल. पण पट्टा मी माझ्या नावावर सही करून घेतला आहे, पुरी एकशे बावीस वर्षं, आणि तो मोडायचा माझा विचार नाही.

परवा पोस्टातून परत आले, तर ट्रेव्हर खिडकीशी निवांत बसला होता. मी टोपी काढत म्हटलं, "थांब, चहा टाकते."

"आत्ताच तर दिलास," तो म्हणाला.

त्याच्या हातातला कप मी घेतला. वाफ येत होती. एक घोट घेऊन पाहिला. दूध आधी घातलेलं, साखर दीड चमचा, मी करते अगदी तसाच.

मी कप त्याला परत दिला.