शेजारच्या कपाटाची किल्ली

"ओत! सगळी पिशवी ओत!" कप्तान ओरडला.

पोहण्याच्या तलावाच्या पॅसेजमध्ये, ओल्या फरशीवर, पाणकोंबडीने पिशवी उलटी केली. टॉवेल, कंगवा, अर्धं बिस्कीट. स्टॉपवॉच काही निघालं नाही.

"लपवलं असशील कुठेतरी!"

हे तो स्वतःच्या मावसबहिणीला म्हणत होता! सुट्टीत राहायला आलेली, पाण्यात सगळ्यांच्या पुढे, म्हणून तिचं नाव पाणकोंबडी. उद्याच्या रिले शर्यतीत त्यांच्या संघाची शेवटची फेरी तिचीच होती. पण स्टॉपवॉच कप्तानच्या बाबांचं होतं, हातापाया पडून मागून आणलेलं. त्याने ते एकटंच कपाटात ठेवलं होतं आणि कपड्यांची पिशवी नेहमीसारखी बाकावर फेकली होती. पोहून आला, तर कपाट रिकामं!

गर्दी जमली. व्यवस्थापककाका पोट सावरत आले. "कपाट कितवं? बावीस? आणि हिचं तेवीस! शेजारीच की! मग आणखी कोण घेणार? उद्यापासून हिला तलाव बंद!"

झाला निवाडा. मोठ्या माणसांना विचार करायचा कंटाळा आला की ती असा आवाज चढवतात. आणि पोरं? पोरं त्यांच्या मागे उभी राहतात.

पाणकोंबडी रडली नाही. तिने फक्त विचारलं, "दादा, माझी किल्ली तुझ्या कपाटाला लावून बघितलीस?"

कप्तान पायाने तिचा टॉवेल बाजूला सारू लागला.

"नाही ना? पिशवी मात्र बघितलीस." तिने किल्ली त्याच्या पायाशी टाकली आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसली.

कप्तानने किल्ली उचलली. तिला खोटं पाडायचं म्हणूनच उचलली, हे इथे सांगायलाच हवं. बावीसच्या कुलपात घातली, फिरवली. फिरेना! जोर लावला. छे!

त्याचे कान तापले.

"माझी लाव," शिट्टी म्हणाली. ही दोघांची मैत्रीण, आवाज असा की पाण्याखालीही ऐकू यावा. तिचं कपाट एकवीस. तीही किल्ली लागेना.

"मग उघडलं कुणी?" तिने विचारलं. "भूत येतं का पोहायला?"

"फाजीलपणा पुरे!" काका गरजले. "इथलं प्रत्येक कुलूप वेगळं आहे! दुसरी किल्ली लागली, तर कपड्यांसकट पाण्यात उडी मारीन!"

शिट्टीचे डोळे चमकले. "खरंच? मग काउंटरमागच्या बोर्डावरच्या उरलेल्या किल्ल्या लावून बघू?"

"बघा की! हात दुखतील!"

वीसची किल्ली लागली नाही. एकोणीसची घातली, आणि खट्! बावीस नंबरचं दार उघडलं!

काकांचं तोंडही उघडलं.

"अठ्ठावीस दे!" खट्! "सोळा!" खट्! सतरा, अठरा मात्र ढिम्म.

"सोळा, एकोणीस, बावीस..." शिट्टी बोटांवर मोजू लागली. "अरे, तीन-तीनच्या उड्या! प्रत्येकाला तीनने भाग दे. बाकी एक! काका, कुलपं किती प्रकारची आणलीत?"

काका पुटपुटले, "तीन. पण ओळीने लावलीत ना मी! पहिलं, दुसरं, तिसरं, परत पहिलं. शेजारच्याचं उघडू नये म्हणून..."

"म्हणजे लागोपाठचे कुठलेही तीन आकडे घ्या, तिघांची बाकी वेगळी! एकवीसची शून्य, बावीसची एक, तेवीसची दोन. शेजारच्याची किल्ली कधीच लागायची नाही!"

कप्तानने हातातल्या तेवीसच्या किल्लीकडे बघितलं. पाणकोंबडी शेजारी होती, हाच तर ती निर्दोष असल्याचा पुरावा होता! आणि काकांनी नेमका तोच तिच्या तोंडावर फेकला, तेव्हा कप्तान त्यांच्याच मागे उभा होता.

"पंचवीस कुठे आहे?" त्याने बोर्डाकडे बघत कसंबसं विचारलं. तो खिळा रिकामा होता.

पंचवीसची किल्ली तलावातून बाहेर आली, चष्मेवाल्या आजोबांच्या मनगटाला बांधलेली. चष्मा अर्थातच डोळ्यांवर नव्हता.

"घड्याळ? हो, आल्या आल्या कपाट उघडलं तर आत होतं. आधीच्या कुणाचं तरी राहिलं असेल, म्हणून काउंटरवर दिलं. मग चष्मा लावून पंचवीसमध्ये कपडे ठेवले."

"बिनचष्म्याचं बावीस आणि पंचवीस सारखंच दिसणार!" शिट्टी किंचाळली. "काउंटरवर कुणाकडे दिलंत, आजोबा?"

"यांच्याकडे. हे फोनवर होते."

काकांनी ड्रॉवर ओढला. न बघता टाकलेलं स्टॉपवॉच आत आरामात पडलं होतं. ज्यांनी पोरीला तलाव बंद केला, त्यांच्याच ड्रॉवरमध्ये!

"काका," शिट्टी गोड आवाजात म्हणाली, "उडी?"

कुणी हसलं नाही. काका मान खाली घालून पायरीकडे गेले, पोरीसमोर हात जोडले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "चुकलो, बेटा." पोहायला शिकवणाऱ्या बाई धावत आल्या. "शाब्बास! कप्तान, काय शोधून काढलंस रे!"

ती शाबासकी कप्तानला थोबाडीत बसल्यासारखी लागली. "मी नाही, बाई. प्रश्न हिने विचारला. हिशोब शिट्टीने केला. मी फक्त पिशवी ओतायला लावली."

दुसऱ्या दिवशी, शर्यतीआधी, किल्ल्या घ्यायला रांग लागली. नवी कुलपं अजून यायची होती, आणि किल्ल्या क्रमानेच मिळत होत्या. कप्तानने आपल्या मागे जागा धरली. "ये ना, इथे उभी राहा."

पाणकोंबडीने त्याच्याकडे बघितलं, रांग बघितली आणि मध्ये दोघांना सोडून उभी राहिली. त्याला मिळाला दहा, तिला तेरा.

"रागावली आहेस अजून?"

"आहे." तिने किल्ली त्याच्या नाकासमोर नाचवली. "आता माझी किल्ली तुझ्या कपाटाला लागते. बोल, स्टॉपवॉच ठेवतोस?"

कप्तानने वर बघितलं नाही. स्टॉपवॉच दहा नंबरच्या कपाटात ठेवलं, दार लावलं आणि आपली किल्लीही तिच्या हातात दिली.

"चल," ती म्हणाली. "आणि आज नीट पोह. शेवटी मला भरून काढायला लावू नकोस!"