मूठभर वाळू

तिची चप्पल चिखलात रुतली, आणि ती उपसायला एक अनोळखी हात पुढे आला — कोपरापर्यंत पांढराफटक.

"चोरी करताय?"

"फेकून दिलेल्या गाळाची कसली चोरी?" बादली पाठीमागे दडवत ती म्हणाली. कुंभाराची लेक ती. वाळू धुण्याच्या कारखान्यामागचं हे पांढरं तळं तिला कधीचं खुणावत होतं.

तो तिथला केमिस्ट. धुतलेली वाळू काचेसाठी जायची आणि दुधाळ पाणी तळ्यात. त्या पाण्यातली माती कामी आणायचा त्याने ध्यास घेतला होता. आठ महिने! लोक 'चिखलसाहेब' म्हणून हसायचे आणि हा पठ्ठ्या त्यांच्याबरोबर हसायचा. तिला ते फार आवडलं.

"पण काहीही घडवा, वाळताना तडकतंच," त्याने भेगाळलेल्या फरश्या दाखवल्या. "पुढच्या सोमवारी मालक येताहेत. एक धड वस्तू दाखवली नाही, तर तळं बुजवणार."

तिने त्या मातीचा गोळा बोटांत चोळला... लोणी नुसतं! इतकी देखणी माती तिने जन्मात पाहिली नव्हती.

"यातली वाळू कुठंय?"

"कणन् कण काढलाय!"

"तिथंच माशी शिंकली." तिने बारीक वाळू मूठभर उचलून गोळ्यात मिसळली.

"अहो! माझे आठ महिने—"

"नुसती मऊ माती आक्रसते हो. थोडं खरखरीत कुणीतरी सोबत लागतंच तिला."

"तुमच्यासारखं?"

तिने डोळे वटारले. पण हसू काही आवरलं नाही.

घरी बाबांच्या चाकावर तिने त्या गोळ्याचा कप घडवला आणि सावलीत ठेवला. तो रोज संध्याकाळी कप बघायला यायचा. "पळून नाही जात तो," तिचे बाबा म्हणायचे आणि गालात हसायचे.

रविवारी कप भट्टीत गेला. सोमवारी सकाळी तिने त्यावर टिचकी मारली... ठण्ण! भेग नाही, काही नाही. कप छातीशी धरून तो कारखान्याकडे धावत सुटला.

संध्याकाळी परतला तो हातात वजनकाटा घेऊन.

"तळं राहिलं! पण मालक विचारत होते, मूठभर म्हणजे नक्की किती? मी म्हटलं, मूठ माझी नाही... विचारून सांगतो."

"मग करा वजन." तिने वाळूची मूठ पुढे केली.

त्याने काटा खाली ठेवला.

"वजन नकोय," तो लालबुंद होत म्हणाला. "मला मूठच हवीय... कायमची. देता?"

आत बाबांचं चाक थांबलं. तिने वाळू सोडली नाही. तशीच भरली मूठ त्याच्या तळहातावर ठेवली.