पोट सुटलेले बावीस खांब

गाडीतून दर्शना खाली उतरली आणि तिच्या चष्म्यावर झपकन वाफ धरली. जून महिना, दुबईच्या पुढचं रास अल खैमा, सकाळचे अकरा... हवा अशी दमट, की श्वास घ्यायचा की प्यायचा ते कळू नये. समोर सगळं पांढरं आणि धुरकट. फॅक्टरीच्या आवारात खांब, कमानी, पुतळे उभे आहेत एवढंच काय ते दिसत होतं. वाळूत कसलासा पाईप आडवा आला, ती अडखळली आणि तोल सावरायला तिने जवळच्या पांढऱ्या पुतळ्याच्या खांद्यावर हात टेकला.

पुतळा गरम होता.

"मॅडम," पुतळा म्हणाला, "ये पीस डिलिव्हरी का नहीं है."

"अगं आई गं!"

"अरेच्चा... मराठी?"

तिने घाईघाईने ओढणीला चष्मा पुसला. केसांपासून बुटांपर्यंत प्लास्टरच्या भुकटीने माखलेला एक तरुण समोर उभा होता. काळे होते फक्त डोळे, आणि ते हसत होते. त्याच्या खांद्यावर तिच्या पाच बोटांचा स्वच्छ ठसा उमटला होता.

"सॉरी हं, मला वाटलं—"

"असू दे. साच्याआधी ठसा घ्यावाच लागतो. तेवढं काम तुम्ही केलंत."

आता बोला! ओळख ना देख, आणि हे असलं बोलणं. रागवावं की हसावं, दर्शनाला ठरवता येईना. तिने मधला मार्ग काढला आणि पर्समधून विनाकारण पेन काढलं.

दर्शना दुबईतल्या एका कंत्राटदाराच्या ऑफिसात ज्युनिअर आर्किटेक्ट होती. राहायला अजमानला, आत्याकडे. नोकरी प्रोबेशनवर, आणि ऑगस्टअखेर ती पक्की व्हायची होती. हा पुतळा म्हणजे विघ्नेश. पेणजवळच्या हमरापूरचा, घरोघरी गणपती घडतात त्या गावचा. चार वर्षांपूर्वी इथे साचे करायला आला. गणपतींचे हात, सोंडा करणारी बोटं आता श्रीमंतांच्या व्हिलांचे खांब करत होती.

काम होतं वेरा मॅडमच्या व्हिलाचं. बाई रशियन, बोलायला मोजकी, हट्टाला पक्की. तिला समुद्राकडे तोंड केलेला लांबलचक व्हरांडा हवा होता, बावीस खांबांचा. आणि तो दिसायला हवा होता राणी कॅथरीनच्या महालाला जोडलेल्या कॅमेरूनच्या गॅलरीसारखा.

"कॅमेरून कोण?" विघ्नेशने पहिल्याच दिवशी विचारलं.

"चार्ल्स कॅमेरून. आर्किटेक्ट. होता स्कॉटिश, पण कामाला रशियाच्या राणीकडे. अडीचशे वर्षं होत आली."

"म्हणजे तोही बाहेरगावी नोकरीला."

तसं पाहिलं तर हो. दर्शनाने कॅमेरूनकडे असं कधी पाहिलंच नव्हतं.

मग दर मंगळवारी ती साच्यांची तपासणी करायला येऊ लागली. उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन बाहेरचं काम बंद असतं, त्यामुळे शेडखाली पंख्यासमोर बसून कडक करक चहा प्यायचा आणि बोलायचं. विघ्नेशचा प्रश्न ठरलेला, "मग? तुमच्या कॅमेरूनचं पुढे काय झालं?"

आणि आमची दर्शना! मंगळवारी सांगायला काहीतरी हवं म्हणून जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून कॅमेरूनवर वाचत बसायची. आत्या म्हणायची, "भाजी आवडली नाही का गं?" तिला काय सांगणार, कपाळ?

"कॅमेरूनला रशियात चांगले गवंडी मिळेनात," एका मंगळवारी तिने सांगितलं. "मग त्याने स्कॉटलंडच्या पेपरात जाहिरात दिली. साठ-सत्तर कारागीर बायकापोरांसकट जहाजाने आले."

"बायकापोरांसकट?" विघ्नेशने कप खाली ठेवला. "फॅमिली व्हिसा मिळाला त्यांना?"

ती इतकी हसली की चहा नाकात गेला. विघ्नेश मात्र तिच्याकडे बघत राहिला. बराच वेळ... मग म्हणाला, "तुमची मान हसताना डावीकडे झुकते. थोडीशीच."

हे कौतुक होतं की खोट काढणं? तीन दिवस दर्शना आरशासमोर मान सरळ करून हसून बघत होती. मूर्ती करणारा माणूस, त्याला वाकडं काही दिसलं की तो सांगणारच. नाहीतर... नाहीतर काय? डोक्याचा पार भुगा झाला.

पुढच्या मंगळवारी विघ्नेश कामाचं बोलला. "मॅडम, तुमच्या ड्रॉइंगमध्ये खांबाच्या कडा अगदी सरळ आहेत. एवढा उंच खांब सरळ केला तर लांबून मधे खंगल्यासारखा दिसतो. मधे किंचित पोट द्यावं लागेल. देऊ?"

"द्या ना," दर्शना म्हणाली.

हे 'द्या ना' तुम्ही लक्षात ठेवा, कारण दर्शनाने ठेवलं नाही. त्या वेळी तिचं सगळं लक्ष त्याच्या पापणीवर अडकलेल्या प्लास्टरच्या कणाकडे होतं. तो आता पडेल, मग पडेल, की आपणच बोटाने काढावा... त्या भरात ती कशालाही हो म्हणाली असती.

"लग्न झालं होतं का हो कॅमेरूनचं?" त्याने विचारलं.

"हो. राणीच्या माळ्याच्या मुलीशी. माळीही परदेशीच होता, बुश नावाचा."

"भेटली कुठे पण?"

"ते काही सापडलं नाही मला."

"बागेतच भेटली असणार. हा खांब मोजत असेल, ती आली असेल फुलं घेऊन." त्याने डोळे बारीक केले. "पण मग आपल्यात तुम्ही आर्किटेक्ट... म्हणजे तुम्ही कॅमेरून. आणि मी माळ्याची मुलगी?"

"इश्श! काहीतरीच!"

दर्शनाच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा 'इश्श' बाहेर पडलं आणि ती स्वतःच दचकली. अजमानपर्यंतच्या अख्ख्या रस्त्यात ती एकच गोष्ट घोळवत होती. 'आपल्यात' म्हणाला तो... आपल्यात म्हणजे कुणात? गंमत होती की विचारणा? आणि विचारणा असेल तर तो अजून मॅडम मॅडम काय करतो?

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात बावीसही खांब तयार झाले. तपासायला दर्शनाबरोबर तिचे प्रोजेक्ट मॅनेजर सुजीत सर आले. सरांनी आडव्या ठेवलेल्या खांबावर दोरी ताणून धरली आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"दर्शना, ये क्या है? बीच में बारा मिलिमीटर फूला हुआ है. ड्रॉइंग में तो स्ट्रेट है."

दुसरा मोजला, तिसरा मोजला. बावीसच्या बावीस खांबांचं पोट सुटलेलं!

दर्शनाचे कान गरम झाले. तिने विघ्नेशकडे पाहिलं. तो हात मागे बांधून उभा होता. काहीतरी बोल ना रे माणसा, ती मनात म्हणत होती. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, काहीतरी विचारल्यासारखं... आणि मग खाली बघितलं.

"लिहा मॅडम," तो म्हणाला. "ड्रॉइंगमध्ये नाही, ते नाही."

तिने रिजेक्शनचा कागद भरला, 'कारागिराची चूक' असं लिहिलं आणि सही केली. निघताना फोरमन जमालने तिला गाडीपाशी गाठलं. "मॅडम, फॅक्टरी का मॅनेजर बोला, विघ्नेश का व्हिसा रिन्यू नहीं करेगा. महिना आखिर में खलास."

परतीच्या वाटेवर दर्शनाला रडू येत होतं आणि रडू का येतंय तेच कळत नव्हतं. चूक त्याने केली, राग त्याचा यायला हवा. मग स्वतःचाच का येतोय? एवढा नजर ठेवून काम करणारा माणूस बावीस वेळा तीच चूक करेल? आणि केली तर केली, एक शब्दही बोलू नये? आपण त्याच्या कोणीच नाही का? बरं, कोणी असलो तरी काय झालं असतं? सहीच केली असती ना!

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हात सवयीने कॅमेरूनकडे गेला. आता सांगायचं कुणाला, तरी ती वाचत बसली. राणी गेली, तिचा मुलगा गादीवर आला आणि त्याने कॅमेरूनला नोकरीवरून काढलं, राहतं घरही काढून घेतलं. एका सहीत सगळं संपलं. दर्शनाने डबा झाकून ठेवला. तिने पान उलटलं. पुढच्या पानावर जुन्या ग्रीक खांबांचं मापं घेऊन काढलेलं चित्र होतं. असल्या खांबांवरूनच त्या काळचे आर्किटेक्ट शिकायचे. ती बघत राहिली. मग तिने पट्टी घेतली आणि खांबाच्या कडेला लावली.

कड सरळ नव्हती. मधे किंचित पोट होतं.

तिने आपलं ड्रॉइंग उघडलं. तिने खांब काढलाच नव्हता. सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतो तो उचलून ठेवला होता, काठीसारखा सरळसोट. कॉलेजात हे शिकवलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं आणि कामाच्या घाईत पार विसरली होती. आणि मग तिला शेड आठवली, पंखा आठवला, त्याची पापणी आठवली... 'मधे किंचित पोट द्यावं लागेल. देऊ?'

'मॅडमना विचारूनच केलं,' एवढं एक वाक्य तो बोलला असता तर वाचला असता. आणि तिचं प्रोबेशन तिथेच आटोपलं असतं. हे त्याला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेरा मॅडम स्वतः फॅक्टरीत येणार होत्या. आपले खांब का नाकारले, ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. रात्रभर दर्शनाने मनात वाक्यं जुळवली, पण सकाळी सगळ्यांसमोर ती भलतंच काहीतरी बोलून गेली.

"सर, थांबा. म्हणजे... वेट. यात विघ्नेशची चूक नाही. ड्रॉइंग माझं चुकलंय. खांब असेच असतात. त्यांनी मला विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं. आणि नंतर विसरले. रिजेक्शन मी परत घेते."

"विसरलीस?" सुजीत सरांनी इंग्रजीत विचारलं. "कशी काय?"

आता काय सांगणार? पापणीवर कण होता म्हणून? "लक्ष नव्हतं, सर."

जमालने क्रेनने एक खांब उभा करवला. वेरा मॅडम फाटकापर्यंत चालत गेल्या, वळल्या आणि बघत राहिल्या. विघ्नेश खांबाकडे बघतच नव्हता. तो दर्शनाकडे बघत होता, तोंड उघडं टाकून.

वेरा मॅडम परत आल्या. "असेच हवेत," त्या तुटक इंग्रजीत म्हणाल्या. "सरळ कोणी मागितले होते?"

झालं! खांब पास झाले, विघ्नेशचा व्हिसा वाचला. सुजीत सर दर्शनाला बाजूला घेऊन फार सभ्यपणे बोलले. नोकरी पक्की होणार नाही. महिनाअखेरीस सुट्टी.

शेडखाली विघ्नेश चहा न घेताच बसला होता. दर्शना त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"का नाही सांगितलंत?"

"तुमची नोकरी गेली असती."

"मग तुमची जात होती ना!"

"मला वाटलं... तुमची गेली तर तुम्ही इथे येणार नाही. भेट संपेल."

"आणि तुम्हाला हमरापूरला पाठवलं असतं, तर भेट संपली नसती?"

विघ्नेशने विचार केला. आणखी केला. मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "हे डोक्यातच आलं नाही."

दर्शनाला हसू फुटलं आणि त्याच क्षणी डोळेही भरून आले. या माणसाला बारा मिलिमीटर नुसत्या नजरेने कळतात आणि एवढी साधी गोष्ट कळत नाही! आपण वेडे आहोत असं तिला तीन महिने वाटत होतं. इथे तर दोघंही सारखेच होते. तिला त्याचा भयंकर राग आला होता आणि तो इतका आवडत होता की आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"विघ्नेश, मला तुम्ही—"

त्याच्या खिशातल्या फोनवर बोटिम अ‍ॅपची रिंग वाजली.

"आईचा आहे," तो गडबडला. "तिला सांगितलं होतं मी परत येतोय म्हणून... एक मिनिट हं." बोटांना प्लास्टर लागलेलं, म्हणून त्याने कोपराने फोन स्पीकरवर टाकला.

"अरे विघ्नेशा, तिकीट काढलंस का?" पलीकडून खणखणीत आवाज आला. "मूर्ती सुकून बसल्यात, डोळ्यांच्या आखणीला तूच हवास."

"आई, मी... येत नाही. म्हणजे, नोकरी राहिली."

"परवा म्हणालास गेली, आज म्हणतोस राहिली. काय चाललंय काय तुझं? आणि हे मुसमुसतंय कोण तिकडे?"

विघ्नेशने दर्शनाकडे पाहिलं. "आई, या... आमच्या मॅडम..."

"मॅडम कशाला रडतील? कोण गं तू बाळा?"

तीन महिने जो प्रश्न दर्शना स्वतःला विचारत होती, तो हमरापूरहून एका दमात आला. तिने ओढणीने नाक पुसलं आणि फोनजवळ वाकली.

"मी दर्शना, आई. मला विघ्नेशशी लग्न करायचंय."

विघ्नेशचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"बरं," पलीकडून सावकाश आवाज आला. "त्याला विचारलंस का?"

"नाही... अजून नाही."

"मग विचार की. मी फोन धरून ठेवते."