दोनशे बिया आणि समोरचं टेबल

"अहो, थांबा! काढू नका ती जाहिरात!"

मी जिन्यावरूनच ओरडले. सूचनाफलकावरचा कागद काढणारा हात थबकला. 'वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळेत विद्यार्थी मदतनीस हवा, अर्ज आज पाचपर्यंत...' आणि पाचला दोनच मिनिटं कमी होती.

"एवढी धावपळ?" पांढऱ्या कोटातला तो उंच मुलगा हसला.

"हसायला काय झालं? अकरा ठिकाणी फिरलेय मी! ग्रंथालय, कॅन्टीन, कॉम्प्युटर रूम... सगळीकडे एकच, अनुभव आहे का? काम दिल्याशिवाय अनुभव काय आभाळातून पडणार?"

"मॅडमना हेच सांगा," तो म्हणाला. "फक्त जरा हळू आवाजात."

तो प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या हाताखाली पीएचडी करत होता. मॅडमनी मला आठवडाभर कामावर घेऊन बघायचं ठरवलं. रोज काचेच्या बशीत दोनशे बिया, त्यातल्या किती उगवल्या ते मोजायचं. आम्ही दोघांनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकांना आकडा सांगायचा नाही. आकडे जुळले तर जागा माझी. नाही जुळले तर बाबांनी फोनवर सांगूनच ठेवलं होतं, "परीक्षा झाली की ये घरी, काकांच्या दुकानात माणूस हवाच आहे." म्हणजे माझं संशोधनाचं खूळ कायमचं गुंडाळायचं!

मी अगदी डोळ्यांत तेल घालून मोजत होते. तो समोरच्या टेबलावर. दोन दिवसांत आमचं अहो-जाहो गळून पडलं. मान वर करावी तर... स्वारी माझ्याकडेच बघत असायची!

"काय बघतोस?"

"तू मोजताना ओठ हलवतेस."

"मग?"

"काही नाही... हलव."

बाई गं! नंतरच्या वीस बिया मी तीनदा मोजल्या.

शुक्रवारी मॅडमनी दोघांच्या वह्या उघडल्या. सोमवारी तीनचा फरक. मंगळवारी पाचचा. गुरुवारी तर नऊचा! माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

"हा चार वर्षं माझ्याकडे आहे. एकदाही चुकलेला नाही," मॅडम चष्मा सावरत म्हणाल्या. "तेव्हा..."

संपलं सगळं. मी गुपचूप बॅग उचलली.

"मॅडम," तो एकदम उभा राहिला, "चूक माझी असणार. रोजच्या बशांचे फोटो आहेत. तुम्हीच मोजा ना."

मॅडम अर्धा तास मोजत बसल्या. मी जीव मुठीत धरून उभी.

"हिचे सगळे आकडे बरोबर," त्या म्हणाल्या. "आणि तुझा एकही नाही! झालंय काय तुला?"

त्याचे कान लालबुंद झाले. "मॅडम... ही समोर बसते."

"बरं, मग?"

"मग... मोजता मोजता विसरायला होतं. मला आवडते ही."

मॅडमना हसू आवरेना. "जागा तुझी गं, सोमवारपासून ये. आणि तू रे, टेबल भिंतीकडे फिरवून घे!"

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "रागावलीस?"

"रागावू नको तर काय! जीव अर्धा झाला माझा. आणि ते... ते मॅडमना आधी सांगतात का? मला सांगायचं ना!"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू सांगितलं.

मला स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी म्हटलं, "काय? पुन्हा सांग."